भुताला चूक लागते

आमचे हे भुतं दाखवतात. दुकानात नवं गिऱ्हाईक विचारतं, "तुमचे मिस्टर काय करतात?" तेव्हा मी एवढंच सांगते आणि समोरच्याचं तोंड बघते. कोणी हसतं, कोणी एक पाऊल मागे सरकतं. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. कोटावरचे, पडद्यावरचे डाग बघून कोणाच्या घरात काय चाललंय ते मला कळतं, पण मी तोंड उघडत नाही. ह्यांचं उलटं आहे. काहीही माहीत नसलं तरी ह्यांना तासभर बोलता येतं.

दिवे लागायच्या सुमाराला जुन्या वेशीपाशी माणसं जमतात. हे काळा लांब कोट घालून तिथे उभे असतात. कोट आमच्याच दुकानातला, कोणीतरी धुवायला टाकला आणि न्यायला फिरकलाच नाही. मग वरात निघते. वेशीपासून विहिरीच्या घराकडे, तिथून फाशीच्या चौकात, चौकातून घड्याळाच्या मनोऱ्याकडे आणि शेवटी नदीवरच्या पुलावर. प्रत्येक ठिकाणी एक भूत ठेवलेलं. पुलावर पोचेपर्यंत धडधाकट पुरुष बायकोचा दंड घट्ट धरून चालायला लागतात, हे मी स्वतः पाहिलंय. शहरात ह्यांना 'भूतकाका' म्हणतात. मलाही एकदोघांनी भूतकाकू म्हणून बघितलं, पण मी त्यांच्याकडे असं काही बघितलं की पुन्हा हिंमत झाली नाही.

पूर्वी हे पाण्याचे मीटर वाचायचे. जुन्या शहरात मीटर तळघरात असतात. टॉर्च घेऊन खाली उतरायचं, जाळी झटकायची, काच पुसायची, आकडा वाचायचा आणि कपडे झाडत वर यायचं. दार उघडणारी बाई आत बघून "पाणीवाला आलाय" असं ओरडायची आणि निघून जायची. खाली माणूस आहे हे विसरून लोक वरून दिवा बंद करायचे. नाव विचारणं सोडाच, कोणी ह्यांच्या तोंडाकडेही पाहायचं नाही. पुढे वायरवरून आपोआप आकडा सांगणारे मीटर आले आणि ह्यांना घरी बसवलं. काही महिने हे भिंतीकडे बघत बसले. मग एकदा माझ्या बहिणीकडचे पाहुणे आले होते, त्यांना जुनं शहर दाखवायला हे घेऊन गेले आणि सहज म्हणून तळघरांच्या गोष्टी सांगितल्या. परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन.

"अगं, ते ऐकत होते," मला म्हणाले. "मी बोलत होतो आणि सगळे गप्प उभे राहून ऐकत होते."

तेव्हापासून हा माणूस सुटला तो सुटलाच. मला काही आनंद झाला नाही असं नाही. भिंतीकडे बघणारा नवरा सांभाळण्यापेक्षा भुतं सांभाळणारा बरा.

धंदा वाढला तसे चेलेही आले. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे त्यांना शिकवायचे, आणि मी शेजारी कांदा चिरत ऐकायचे. पायरीवर उभं कसं राहायचं, आवाज कधी खाली आणायचा, कुठे नुसतं बघायचं आणि बोलायचं नाही, सगळं शिकवायचे. पण मुख्य धडा एकच होता. भुताला चूक लागते.

"भूत का फिरतं?" हे विचारायचे. "नुसतं मेलं म्हणून? मरतात तर सगळेच. त्याचं काहीतरी चुकलेलं असतं. ती चूक तुम्ही सांगितली की समोरचा मनातल्या मनात म्हणतो, मी असं केलं नसतं. मग त्याला भ्यायला मजा येते. ज्याचं काही चुकलेलंच नाही त्याची लोकांना फक्त दया येते, आणि दया करायला कोणी एवढं चालत येत नाही."

चेले माना डोलवायचे. आता विहिरीच्या घरातल्या सुनेचंच घ्या. ती विहिरीत पडून मेली, एवढंच शहराला माहीत होतं. ह्यांनी तिला प्रियकर जोडून दिला. मनोऱ्यावरून पहारा देणारा माणूस होता आणि त्याच्या वेळी बाजार जळला, हे खरं असावं. ह्यांनी त्याला दारू पाजली. अशी बसल्या जागी हे मेलेल्या माणसांना पापं वाटत असत, आणि त्यांच्यातलं कोणी उठून तक्रार करायला येणार नव्हतं.

एक म्हातारी मात्र आली. काठी टेकत, धापा टाकत आमचा जिना चढली. विहिरीत पडलेली सून तिच्या आजीची सख्खी बहीण होती.

"तिला ताप होता," म्हातारी म्हणाली. "पाणी काढताना तोल गेला. आजी शेजारीच उभी होती, तिनेच मला सांगितलंय. बाकी तुम्ही सांगता तसलं काही नव्हतं हो. ती चांगली होती, एवढं सांगा ना लोकांना."

ह्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, गोड गोड बोलले, हात धरून जिना उतरवून दिला. आणि दुसऱ्याच दिवशी विहिरीपाशी तीच गोष्ट सांगितली, फक्त घराण्याचं नाव गाळून.

"लाज नाही वाटली?" मी विचारलं.

"चांगली होती म्हणे! अगं, चांगल्या बाईसाठी कोण थांबणार आहे विहिरीपाशी? आणि मेलेल्या माणसाचं आता काय बिघडतंय?"

"तुमच्या घरातलं कोणी असतं म्हणजे?"

हे उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. कारण ह्यांच्या घरातलं कोणीतरी होतंच.

ह्यांची मोठी बहीण. नात्याने माझ्या वन्सं, पण मी त्यांना ताईच म्हणायचे. आईवडील लवकर गेले आणि ह्यांना ताईंनी वाढवलं. ह्यांना शाळेत घालण्यापासून माझ्याशी लग्न लावून देण्यापर्यंत सगळं त्यांनी निस्तरलं, त्यात स्वतःचं राहूनच गेलं. जुन्या हॉस्पिटलमध्ये त्या नर्स होत्या, तिसऱ्या मजल्यावर म्हाताऱ्या बायकांच्या वॉर्डात. घरी आल्या की आधी पाय गरम पाण्यात सोडून बसायच्या आणि साहेबांना शिव्या घालायच्या. साहेब म्हणजे हॉस्पिटलचे सुपरिंटेंडेंट. पेशंटचे नातेवाईक भेटीची वेळ सोडून मागच्या जिन्याने चढतात आणि राउंडच्या वेळी गर्दी दिसते, म्हणून साहेबांनी मागच्या जिन्याची दारंच कुलूपबंद करून टाकली होती.

किल्ली कुठे असायची ते मला पक्कं माहीत आहे. एकदा ताई चष्मा घरी विसरल्या असं वाटून मी तो द्यायला गेले. विसरल्या नव्हत्या, त्यांच्या नाकावर दुसरा होता, आणि मलाच हसल्या. परत निघाले तर पुढच्या जिन्याला नुकताच ओला रंग दिलेला. ताईंनी खाली फोन केला तेव्हा साहेबांचा शिपाई किल्ली घेऊन वर आला, मागचं दार उघडलं, आम्ही दोघं बाहेर पडल्यावर त्याने पुन्हा लावलं आणि माझ्याबरोबरच खाली उतरला. तळमजल्यावर साहेबांची केबिन उघडीच होती. त्याने आत जाऊन किल्ली साहेबांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवली, ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय.

"पोरी, ह्या दारापायी एक दिवस आमचं काही खरं नाही," त्या संध्याकाळी ताई म्हणाल्या. आमच्या दोघांच्या देखत म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, चादरी ठेवायच्या खोलीत आग लागली. पुढचा जिना धुराने भरला. ताईंनी ज्यांना चालता येत होतं त्यांना चालवत, ज्यांना येत नव्हतं त्यांना ओढत मागच्या दाराशी आणलं. शिपाई रजेवर होता, साहेब मीटिंगला गेले होते. सगळ्या दारापाशीच सापडल्या. धूर ज्या बाजूने येत होता त्या बाजूला ताई होत्या.

चौकशी झाली. हे रोज जाऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. मीही साक्ष द्यायला तयार होते. "घरच्यांचं बोलणं कोण खरं मानणार?" असं म्हणून आम्हाला आत घेतलंच नाही. शिपाई नोकरीला घाबरून मूग गिळून बसला आणि पुढे एकदोन वर्षांत मेला. शेवटी काय निघालं, तर किल्ली कामावरच्या नर्सच्या ताब्यात होती आणि तिच्या हलगर्जीपणामुळे दार उघडलं गेलं नाही. पेपरातही तेच छापून आलं. साहेबांना पुढे बढती मिळाली. नव्या हॉस्पिटलात पाऊल टाकलं की समोर त्यांचाच मोठा फोटो दिसतो. मी सर्दीपडशाला सुद्धा तिथे जात नाही.

जुनी इमारत तेव्हापासून बंद आहे. ती ह्यांच्या रस्त्यातच येते, म्हणजे चौकातून मनोऱ्याकडे सरळ जायचं तर तिच्या फाटकावरून जावं लागेल. हे लोकांना मागच्या बोळातून वळसा घालून न्यायचे. कोणी विचारलंच, "ते बंद हॉस्पिटल नाही का दाखवत?" तर हे म्हणायचे, "तिथे काही नाही." चेल्यांनाही कधी काही सांगितलं नाही. मला ह्यांची तेवढी एक गोष्ट आवडायची. बाकी सगळं शहर विकायला काढलं होतं, पण बहिणीला हात लावला नव्हता.

ह्यांचा सगळ्यात लाडका चेला म्हणजे घोगरा. आवाज असा बसका की नुसतं "या" म्हणाला तरी अंगावर काटा यावा. सगळं शिकून झालं आणि एक दिवस त्याने स्वतःची वेगळी फेरी सुरू केली. हे वरवर म्हणाले, "चांगलं आहे, पुढे जाऊ दे." पण वेशीपाशी आता दोन घोळके जमायला लागले आणि ह्यांचा घोळका दिवसेंदिवस रोडावत गेला. हे घरी येऊन कोट खुर्चीवर फेकायचे आणि न बोलता जेवायचे.

मग एका सकाळी एक बाई दुकानात फिकट रंगाचा कोट घेऊन आल्या. पाठीवर तांबूस उभे पट्टे होते.

"हा गंज कुठे लागला?" मी विचारलं.

"अहो, त्या जुन्या हॉस्पिटलच्या फाटकाला रेलून उभी होते ना! काय भयंकर गोष्ट आहे हो ती. किल्लीवाली नर्स! तुमच्या मिस्टरांपेक्षा तो मुलगा भारी सांगतो हं, राग मानू नका."

आणि काउंटरवर रेलून त्यांनी मला अख्खी गोष्ट सांगितली. नर्सचं खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरशी लफडं. दुपारी पेशंटना झोपवायची, दार लावून घ्यायची, किल्ली कमरेला अडकवून खाली जायची. त्या दिवशीही गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पावती फाडून हातात दिली आणि सांगितलं, "गंजाचा डाग आहे, जाईलच असं नाही." खरं तर तो जातो. पण मी त्याला हात लावणार नव्हते.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्वतःची फेरी रद्द करून मला म्हणाले, "चल."

आम्ही घोगऱ्याच्या घोळक्यात मागे उभे राहिलो. फाटकाबाहेर चांगलीच गर्दी होती. घोगऱ्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा होता. मध्येच तो खिशात हात घालून वाजवायचा आणि बायका दचकायच्या.

"ती परत आली तेव्हा आत नुसता धूर होता," तो सांगत होता. "आजही ती तिसऱ्या मजल्यावर दारोदार फिरते. जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघते. एकही लागत नाही. कारण खरी किल्ली..." इथे तो थांबला. थांबायचं कुठे, ते ह्यांनीच त्याला शिकवलं होतं.

"किल्ली तिच्याकडे नव्हती," हे मागून मोठ्याने म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. घोगऱ्याने ह्यांना ओळखलं आणि त्याचा चेहरा फुलला. "मंडळी, हे माझे गुरू! भूतकाका!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही गोष्टीतलंच आहे.

गर्दी पांगल्यावर ह्यांनी त्याला बाजूला घेतलं. "ती माझी बहीण होती," एवढंच बोलले. घोगऱ्याचं तोंड उतरलं. मला त्याचा राग राग करायचा होता, पण पोरगा खरंच हादरला होता.

"काका, शपथ घेऊन सांगतो, मला माहीत नव्हतं. मी जुन्या पेपरात वाचलं. नर्सकडे किल्ली होती असं छापलंय त्यात. बाकीचं मी... तुम्ही शिकवलंत तसं जोडलं."

"डॉक्टर काढून टाक."

"काढतो. आजच काढतो." तो घुटमळला. "पण किल्ली कशी काढू, काका? मग उरतं काय? लोकांना सांगू काय? आग लागली आणि बिचारी मेली?"

मग घोगराच म्हणाला, "तुम्हीच सांगा ना. इथे उभे राहून, खरं खरं. मी माझी माणसं घेऊन येतो, तुम्ही तुमची आणा. एकदा खरं लोकांच्या कानावर पडलं की मी पुन्हा ती गोष्ट सांगणार नाही. माझा शब्द."

चौकशीच्या बाकावर बसलेल्या माणसाला इतक्या वर्षांनी कोणीतरी आत बोलावत होतं. ह्यांनी होकार दिला तेव्हा मला रडू आलं, आणि मी काही उठसूट रडणाऱ्यातली नाही.

ते दोनतीन दिवस आमच्या घरात ताई पुन्हा वावरायला लागल्या. हे आंघोळीला गेले की आतून बोलण्याचा आवाज यायचा, म्हणजे तयारी चाललेली. जेवताना मला विचारायचे, "खिळा उजवीकडे होता की डावीकडे?" मी सांगायचे. एकदा मी म्हटलं, "त्यांना भूतच पाहिजे असेल तर साहेबांचं करा. चूक कोणाची होती ते आपल्याला माहीत आहे."

"साहेब म्हातारे होऊन अंथरुणात गेले," हे म्हणाले. "उशाशी चार डॉक्टर उभे होते. अशा माणसाचं भूत कोणाला पटणार?"

ठरलेल्या संध्याकाळी फाटकासमोर एवढी माणसं जमली की रस्त्यावरून सायकल जाईना. ह्यांनी कोट घातला नव्हता. मी मुद्दाम पुढे उभी राहिले, म्हणजे काही अडलं तर माझ्याकडे बघता यावं.

सुरुवात चांगली केली. "ही गोष्ट भुताची नाही, माझ्या बहिणीची आहे," असं म्हणाले तेव्हा सगळे चिडीचूप. ताईंचे सुजलेले पाय सांगितले, गरम पाणी सांगितलं, साहेबांचं कुलूप सांगितलं. शिपाई सांगितला. खिळा सांगितला. मला वाटत होतं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाऊ दे, नव्या हॉस्पिटलातल्या त्या फोटोला ऐकू जाऊ दे. पण ह्यांचा आवाज सपाट होत चालला होता. खरं सांगताना ह्यांना थांबता येत नव्हतं, डोळे मोठे करता येत नव्हते. हे पाण्याचा आकडा वाचावा तसे बोलत होते.

मागे कुजबुज सुरू झाली. कोणाचा तरी मोबाइल उजळला, मग आणखी एकदोघांचे उजळले. एक जाडसर गृहस्थ घड्याळ बघून म्हणाले, "म्हणजे ती नर्स दिसते कुठे?"

"दिसत नाही," हे म्हणाले.

"मग भूत कोणाचं?"

"भूत नाही. कुलूप लावलं होतं, म्हणून माणसं मेली."

कोणीतरी फिदकन हसलं. एक जोडपं पाय काढता घेऊन मनोऱ्याच्या दिशेने निघालं. त्यांच्या मागे आणखी काही. घोगरा कडेला उभा राहून हाताने खुणा करत होता, जरा थांबा, आवाज खाली आणा. मी ह्यांच्याकडे एकटक बघत होते. ह्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्या बाकावर पाहिलेलं होतं. तळघरातून वर आल्यावर रोज पाहिलेलं होतं. ह्यांना कोणी ऐकत नव्हतं.

मग हे थांबले. मान जराशी वर केली, तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले. बोलले नाहीत. निघालेली माणसं वळून बघायला लागली.

"दिवे लागले की," हे म्हणाले, आणि तो आवाज विहिरीपाशी लावायचा आवाज होता, "दिवे लागले की त्या कोपऱ्यातल्या खिडकीत येते ती."

अख्ख्या गर्दीने माना वर केल्या. जोडपं परत आलं. मोबाइल विझले. मी मान हलवली, नको नको म्हणून, पण हे माझ्याकडे बघतच नव्हते.

"का येते?" पुढच्या रांगेतल्या एका पोरीने विचारलं. अगदी बारीक आवाजात विचारलं.

मला अजूनही वाटत होतं की हे काहीतरी वेगळं सांगतील. पेशंटना शोधायला येते म्हणतील. भावाला बघायला येते म्हणतील. त्यालाही माझी हरकत नव्हती, एवढी मी खाली उतरले होते.

"किल्ली," हे म्हणाले. "किल्ली तिच्या जवळच होती. सगळा वेळ तिच्या खिशात होती. माझी बहीण घाबरली आणि विसरली."

गर्दीतून असा काही उसासा निघाला की मला तो पाठीवर जाणवला. एक बाई रुमाल शोधायला लागली. हे रडत होते. डोळ्यांतून पाणी खरंच वाहत होतं, आणि त्या पाण्यातून हे गर्दी मोजल्यासारखे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत होते. मी माणसं बाजूला सारत बाहेर पडले आणि थेट घर गाठलं.

हे मागाहून आले. कोट नव्हता, तरी खांद्यावरून काहीतरी काढावं तसा हात झटकला आणि खुर्चीत बसले.

"एकही माणूस जागचा हलला नाही गं शेवटी," म्हणाले.

"तुम्ही ताईंना विकलंत."

"आधी कोणाला माहीत होतं ताई होती म्हणून? आता निदान रडतात तिच्यासाठी."

"ताईंसाठी नाही रडत. त्या मूर्ख नर्ससाठी रडतात, जी किल्ली खिशात ठेवून विसरली. ती कोण आहे, मी तिला ओळखत नाही."

हे माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. उठून पाणी प्यायले आणि झोपायला गेले.

घोगऱ्याने शब्द पाळला, ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. सांगायची गरजच उरली नव्हती, कारण आता ती भूतकाकांची गोष्ट होती आणि भूतकाका ती सख्ख्या बहिणीची म्हणून सांगत होते. घोगऱ्याच्या सांगण्याला त्याची सर कुठून येणार? बोळातला वळसा बंद झाला. फेरी चौकातून सरळ फाटकावर येते आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबते. वेशीपाशी पुन्हा एकच घोळका जमतो. हे रोज रडतात. रोज खरंच रडतात, हे सगळ्यात वाईट आहे. नाटक असतं तर मी उघडं पाडलं असतं.

गंज लागलेल्या कोटांची तर आता रांगच लागते. माझ्या मालकाला वाटतं, मी फार डोळ्यांत तेल घालून काम करते. मी ते डाग घासते, लिंबाचं सत्त्व लावते, वाफ देते, आणि गिऱ्हाईक नर्सबद्दल बोलायला लागलं की पावती पुढे सरकवते. एकदा एका बाईला मी सांगून बघितलं की किल्ली साहेबांच्या केबिनमध्ये होती. ती माझ्याकडे दयेने बघत म्हणाली, "तुम्ही घरच्या ना, तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे. पण सख्खा भाऊ कशाला खोटं बोलेल?"

ह्यांच्याशी त्या विषयावर बोलणं मी सोडून दिलं. भांडून काही निष्पन्न होत नव्हतं, आणि एका घरात राहायचं तर जेवायला वाढावंच लागतं. मी मनाशी धरून चालले होते की हे लोकांपुढे खोटं बोलत असले तरी आतून ह्यांना खरं माहीत आहे. आम्ही दोघं टेबलाशी बसायचो तेव्हा ते खरं आमच्या मध्ये असायचं, न बोलता का होईना.

गेल्या आठवड्यात हे फेरीवरून आले. थकले होते, हल्ली फार थकतात. कोट काढला, मी पुढे केलेलं ताट घेतलं आणि दोन घास खाऊन थांबले.

"ताई तशी विसराळूच होती, नाही का गं?" म्हणाले.

मी मान वर करून पाहिलं. चेष्टा नव्हती. लाजही नव्हती. म्हातारा भाऊ मेलेल्या बहिणीची आठवण काढतो तशी अगदी मायेने काढली होती, आणि माझ्याकडून हो यायची वाट बघत होते. वॉर्डातल्या प्रत्येक म्हातारीचं औषध ज्यांना तोंडपाठ असायचं, त्या ताईंबद्दल.

मी भाजी वाढली. किल्ली कुठे होती ते माहीत असलेली ह्या जगात आम्ही दोनच माणसं उरलो होतो. आता मी एकटी आहे.